तिसरा वॉर्ड घेतला की मी 'व्यावसायिक'! गार्डियनची नोंदणी फी नक्की कोणाच्या खिशातून जाते?

अंगणवेल | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी फ्लोरिडात, टॅम्पाजवळ राहते. बावीस वर्षं झाली. आमच्या शेजारी मिरजेचे एक काका होते. काकू गेल्या, मूलबाळ नाही, आणि पुढे स्मृतिभ्रंश झाला. कोर्टाने तीन जणांची तपासणी समिती नेमली, समितीचा अहवाल आला आणि कोर्टाने मला त्यांची गार्डियन केलं, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घेणारी आणि पैसे सांभाळणारी. ते माझे 'वॉर्ड'. (मराठीत काय म्हणू? पालक म्हटलं की शाळेची मीटिंग आठवते, नाहीतर डाळपालक.) आठ तासांचा कोर्स केला, साठ दिवसांत त्यांच्या मालमत्तेची यादी आणि देखभालीचा आराखडा कोर्टात दिला, दरवर्षी हिशेब दिला. काका २०२२ मध्ये गेले.

त्यानंतर देवळातल्या ओळखीच्या एक काकू. त्यांना आधी कोर्टाने नेमलेली धंदेवाईक गार्डियन होती. काकूंचे पैसे आटत आले तशी ती बाई बाजूला झाली आणि जबाबदारी माझ्याकडे आली. अजून आहे.

आता तिसरे. माझ्या नवऱ्याचे जुने सहकारी, आम्ही त्यांना सर म्हणतो. ते परवा म्हणाले, "पुढे वेळ आली तर तूच बघ गं माझं."

मी हो म्हणून बसले. मग घरी येऊन कायदा काढला. फ्लोरिडात ज्याने आजवर कधीही मिळून तीन किंवा जास्त वॉर्डांचं काम पाहिलंय तो 'प्रोफेशनल गार्डियन'. 'आजवर कधीही' हे शब्द नीट वाचा. गेलेले काकाही मोजले जाणार! नातेवाइकांचं काम पाहिलं तर ते धरत नाहीत, पण माझा एकही वॉर्ड रक्ताचा नाही. आपण सगळ्यांना काका-काकू म्हणतो. फ्लोरिडाच्या कायद्याला ते काका-काकू मान्य नाहीत.

म्हणजे सर माझे वॉर्ड झाले की मला राज्याच्या कार्यालयात दरवर्षी नोंदणी करावी लागेल. चाळीस तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, बाँड (माझ्या हातून नुकसान झालं तर भरपाईची हमी), बोटांचे ठसे, माझी उधारी-क्रेडिट तपासणी. नोंदणी फी त्या मानाने किरकोळ आहे, कायद्यानेच तिला वर्षाला १०० डॉलरची कमाल मर्यादा घातलीय. पण बाकीचं सगळं धरलं तर मी, जिने आजवर एक पैसा मेहनताना घेतला नाही, तिने पदरचे घालून 'व्यावसायिक' व्हायचं?

कोणी केलंय का हे? आणि ही फी नक्की कशासाठी असते?

---

खडूस_काका | मंगळवार, रात्री ९:४२

पैसे घेऊन पालकत्व! काय दिवस आलेत. म्हाताऱ्यांना तिकडे नेता कशाला मग? मुलं कुठे आहेत यांची?

---

अंगणवेल | मंगळवार, रात्री ९:५१

काका, तिघांनाही कोणी 'नेलं' नव्हतं. तिघंही सत्तरच्या दशकात स्वतःच्या पायांनी आले. दोघांना मूलच नाही. आणि पैसे मी घेत नाही, हे वर लिहिलंय. धागा वाचून लिहा ही विनंती.

---

हिशेबनीस | मंगळवार, रात्री १०:२०

मी सहकारी बँकांच्या तपासणीत आयुष्य काढलं, त्यामुळे अमेरिकेच्या कायद्यातलं मला कळत नाही पण फी कळते. ताई, एकच प्रश्न. ही १०० डॉलरच्या आतली फी वॉर्डामागे आहे की सरसकट? म्हणजे तीन वॉर्डवाल्यालाही तेवढीच आणि तीनशेवाल्यालाही तेवढीच?

---

अंगणवेल | मंगळवार, रात्री १०:३३

नोंदणी गार्डियनची असते, वॉर्डाची नाही. त्यामुळे फी एकच.

---

हिशेबनीस | मंगळवार, रात्री १०:४०

मग पहिल्या घासालाच खडा.

---

सांजवात | बुधवार, सकाळी ८:१५ (भारत)

तुमच्या धाग्यावर अवांतर वाटेल, पण लिहिते. निदान तुमच्याकडे फी भरायला खिडकी तरी आहे.

माझ्या मिस्टरांना पुण्यात पक्षाघाताचा मोठा झटका आला. बोलणं गेलं, ओळख गेली. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. त्यांनी मला मुखत्यारपत्र दिलं होतं, मी निर्धास्त. बँकेत गेले तर मॅनेजर म्हणाले, करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं. म्हणजे ज्या दिवशी कागदाची गरज लागली त्याच दिवशी तो कागद मेला. काउंटरवरचा मुलगा मदत करायला म्हणून म्हणाला, "काकू, साहेबांनाच रिक्षातून घेऊन या ना, अंगठा घेऊ." ते आयसीयूत होते.

वकिलांनी एकेक कायदा उलगडून दाखवला. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठी. तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांपुरता, बँकेपुरता नाही. जुन्या १९८७ च्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती, ती नव्या कायद्याने काढली. कोमातल्या नवऱ्याच्या बायकोसाठी एकही खिडकी नाही. शेवटी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना घातल्यात, आणि मुंबईतही कोर्ट पती-पत्नीला असं नेमतं, म्हणून निभावलं.

आमच्याकडे 'व्यावसायिक गार्डियन' ही जातच नाही. पैसे घेऊन ज्येष्ठांचं बघणाऱ्या कंपन्या पुण्यात पुष्कळ आहेत. औषधं आणतात, सोबत बसतात, अमेरिकेतल्या मुलाला फोटो पाठवतात. पण सही करायचा अधिकार त्यातल्या एकालाही नाही.

---

अंगणवेल | मंगळवार, रात्री १०:५८

सांजवात, अजिबात अवांतर नाही. रिक्षाचं वाचून अंगावर काटा आला.

---

गोल्डनगेटकर | मंगळवार, रात्री ११:३०

कॅलिफोर्नियातून माझे दोन आणे. इथे प्रौढांसाठी असतो तो 'कॉन्झर्वेटर', आणि असं काम धंदा म्हणून करणाऱ्याला 'प्रोफेशनल फिड्युशिअरी'चा परवाना लागतो. बायकोने २०१९ मध्ये चौकशी केली होती तेव्हा अर्जाचे ४००, परवान्याचे ६०० आणि पुढे दरवर्षी नूतनीकरणाचे ७०० डॉलर होते. शिवाय आधी तीस तासांचं शिक्षण, परीक्षा आणि दरवर्षी पंधरा तास. ती म्हणाली, त्यापेक्षा ढोकळ्याच्या ऑर्डरी घेते.

फी एवढी का, तर २००५ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने या धंद्यातल्या लुटीवर मालिका छापली, २००६ मध्ये कायदा झाला आणि एक छोटं स्वतंत्र कार्यालय काढलं. त्या कार्यालयाला सरकारी तिजोरीतून छदाम मिळत नाही; परवानेवाल्यांच्या फीवरच चालायचं. परवानेवाले किती? अख्ख्या राज्यात हजाराच्या आसपास. याच राज्यात केशकर्तन आणि ब्यूटी पार्लरवाल्यांचे परवाने काही लाख आहेत, तिथे माणशी थोडे घेतले तरी भागतं. इथे एक मोठी तक्रार चौकशीला घेतली की मूठभर लोकांच्या फीतून वकील, तपासनीस, सुनावणी सगळं निघायचं. म्हणून ७००.

---

हिशेबनीस | बुधवार, दुपारी १२:१५ (भारत)

म्हणजे फ्लोरिडात फी स्वस्त, कॅलिफोर्नियात महाग. आता मला सांगा, स्वस्त ठेवल्याने तपासणी कोण करतं? आमच्याकडे पतसंस्थेची तपासणी फी वाचवली की पुढे ठेवीदार रडतात. फी म्हणजे तपासनिसाचा पगार. ती कमी ठेवलीत तर तपासनीस कमी.

---

वाळवंटी_कोल्हा | बुधवार, रात्री १२:०५

लास वेगासवरून. आमच्या काउंटीत एप्रिल पार्क्स नावाची बाई होती. तिच्या कंपनीचं नावच 'अ प्रायव्हेट प्रोफेशनल गार्डियन'. धडधाकट म्हातारा-म्हातारी कागदोपत्री अक्षम ठरवून घराबाहेर काढायची, घर विकायची. जानेवारी २०१९ मध्ये १६ ते ४० वर्षांची शिक्षा झाली तिला. नेवाडाने खासगी गार्डियनांना परवाना सक्तीचा केला तो २०१५ मध्ये. वर खडूस काकांनी विचारलं ना, 'मुलं कुठे आहेत' म्हणून? मुलं होती. मुलांनाच कळवलं नव्हतं.

---

खडूस_काका | बुधवार, दुपारी १२:५० (भारत)

हे माहीत नव्हतं. वाईट आहे. मागे घेतो.

(पण मुलांनी महिन्यातून दोनदा फोन केला असता तर कळलं असतं, एवढं म्हणेनच.)

---

अंगणवेल | बुधवार, सकाळी ८:२०

फ्लोरिडातही २०१९ मध्येच मोठं प्रकरण झालं. ऑर्लँडोची एक गार्डियन, चारशेहून जास्त वॉर्ड, डझनभर काउंट्यांत पसरलेले. टॅम्पाच्या रुग्णालयात तिचा एक वॉर्ड गेला. त्याच्या आणि कुटुंबाच्या मनाविरुद्ध तिने 'हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करू नका' असा आदेश दिलेला होता. त्यानंतर २०२० मध्ये कायदा बदलला, असा आदेश द्यायला आता कोर्टाची परवानगी लागते. ती बाई नोंदणीकृत होती. फी भरलेली होती!

आता विचार करा. व्यावसायिक गार्डियनने (किंवा तिच्या कर्मचाऱ्याने) प्रत्येक वॉर्डला तिमाहीत एकदा तरी प्रत्यक्ष भेटायचं असा आमचा नियम आहे. चारशे वॉर्ड म्हणजे वर्षाला सोळाशे भेटी. आणि नोंदणी फी? माझ्याएवढीच.

आता काकूंच्या जुन्या फायलीतलं सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या आधीच्या बाईंची बिलं तासाच्या दहाव्या भागात असायची. म्हणजे सहा मिनिटं = ०.१. एका पानावर असं होतं :

०.२ : चपलांबाबत नर्सिंग होमशी फोन.
०.३ : चपलांची खरेदी.
०.१ : चपला मिळाल्याची पोच तपासली.
०.१ : पोच फायलीला लावली.

चपलांपेक्षा चपलांचं बिल जास्त. आणि मी पहिल्यांदा काकूंना भेटले तेव्हा त्या चपला पलंगाखाली होत्या, दोन नंबर मोठ्या, टॅगसकट. काकू पायात मोजे घालून फरशीवर चालत होत्या. ते बिल कोर्टाने मंजूर केलेलं होतं, पैसे काकूंच्याच खात्यातून गेलेले. हिशेब चोख होता. चपला तेवढ्या मोठ्या होत्या.

---

सांजवात | बुधवार, संध्याकाळी ६:३० (भारत)

मोजे घालून फरशीवर. घसरल्या असत्या हो.

---

हिशेबनीस | बुधवार, संध्याकाळी ७:१० (भारत)

चपलांचा मासला कोणत्याही तपासणी अहवालात शोभेल. व्हाउचर बरोबर, माल चुकीचा.

माझा प्रस्ताव : फी माणशी ठेवा. वॉर्डामागे इतके. तीनवाल्याला तीनपट, चारशेवाल्याला चारशेपट. त्या पैशांतून तपासनीस नेमा, आणि त्याने पलंगाखाली वाकून बघावं.

---

थेम्सकाठ | बुधवार, दुपारी ३:०० (लंडन)

हिशेबनीस काका, तुमचा प्रस्ताव आमच्याकडे अमलात आहे आणि त्यात एक गोम आहे.

इंग्लंडात कोर्ट ऑफ प्रोटेक्शन 'डेप्युटी' नेमतं, म्हणजे तुमच्याकडच्या गार्डियनसारखाच. व्यावसायिक डेप्युटी बहुतेक वकील असतात. देखरेखीची फी डेप्युटीमागे नाही, माणसामागे आहे. नवा डेप्युटी असेल तर एकदा १०० पौंड, मग वर्षाला ३२० पौंड. मालमत्ता २१ हजार पौंडांपेक्षा कमी असेल तर हलकी देखरेख, वर्षाला ३५. ज्यांच्याकडे खरंच काही नाही त्यांना सवलत किंवा माफी.

ही फी भरतो कोण? ज्याचं बघायचं तोच. डेप्युटी त्याच्या खात्यातून भरतो. म्हणजे आजीच्याच पैशांतून, आजीला लुटलं जात नाही ना हे पाहणाऱ्याचा पगार. माझ्या आत्तेसासूबाईंच्या खात्यातून दरवर्षी ते ३२० जाताना बघते तेव्हा पटतंही आणि चीडही येते.

---

हिशेबनीस | बुधवार, रात्री ८:४५ (भारत)

हं. यावर विचार करावा लागेल. बँकेत हाच प्रश्न येतो, विम्याचा हप्ता बँकेने भरायचा की ठेवीदाराने. आमच्याकडे ठेव विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून घ्यायला मनाई आहे. तसा नियम करता येईल का, की फी गार्डियनने स्वतःच्या मिळकतीतून भरायची, वॉर्डाच्या बिलात दाखवायची नाही?

---

अंगणवेल | बुधवार, दुपारी १२:४०

दाखवायची नाही म्हटलं तरी तासाचा दर वाढेल. ०.२ चं ०.३ होईल.

आणि आमच्याकडेही वॉर्ड भरतोच की. वार्षिक हिशेब कोर्टाच्या क्लार्कने तपासायची फी मालमत्तेप्रमाणे वाढते : २५ हजार डॉलरपर्यंत २०, एक लाखापर्यंत ८५, पाच लाखांपर्यंत १७०, त्यावर २५०. सगळं वॉर्डाच्या पैशांतून. म्हणजे बऱ्यापैकी बचत असलेला एक म्हातारा आपला एक वर्षाचा हिशेब तपासून घ्यायला जे भरतो, ते चारशे म्हाताऱ्यांचं बघणारी बाई नोंदणीला भरते त्याहून जास्त. हे काल रात्री दोन आकडे शेजारी मांडल्यावर लक्षात आलं. तोवर मी आपली माझ्या १०० डॉलरवरच कुरकुरत होते.

अजून एक. बँका आणि ट्रस्ट कंपन्यांना ही नोंदणी सक्तीची नाही. सक्ती माझ्यासारखीला.

---

गोल्डनगेटकर | बुधवार, दुपारी १:१५

आमच्याकडच्या फीवरही हाच आक्षेप आहे. ७०० डॉलर मोठ्याला जाणवत नाहीत. ज्याच्याकडे चारच जण आहेत, त्यातले दोन फुकटात, तो परवाना सोडतो. मग त्या चौघांना मोठ्याकडेच जावं लागतं.

---

संपादक | बुधवार, दुपारी २:००

धागा 'ललित'मध्ये निघाला होता, 'कायदा व अर्थ'मध्ये हलवला आहे.

---

जॅक्सनव्हिलकर | बुधवार, संध्याकाळी ५:२५

मी फ्लोरिडातच वकिली करते, पण हा सल्ला समजू नका. सरांना स्थानिक वकिलाकडे न्या.

सगळे फीवर भांडताय आणि मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. अंगणवेल, सरांना आज समज आहे का? तुम्ही लिहिलंत ते परवा तुमच्याशी बोलले, 'पुढे वेळ आली तर' म्हणाले. म्हणजे पुढचं त्यांना दिसतंय. असं असेल तर गार्डियन लागतोच कशाला?

सांजवात यांच्याकडे मुखत्यारपत्र त्या दिवशी मेलं. इथे 'ड्युरेबल' असं स्पष्ट लिहिलं तर समज गेल्यावरही ते चालू राहतं. दोन साक्षीदार आणि नोटरी. एक लक्षात ठेवा : २०११ च्या ऑक्टोबरपासून फ्लोरिडात 'समज गेल्यावरच लागू होईल' अशा प्रकारचं मुखत्यारपत्र करता येत नाही, सही केल्या दिवसापासून ते जिवंत असतं. म्हणून कोणाला देताय ते बघून द्या. सोबत वैद्यकीय निर्णयांसाठी 'हेल्थ केअर सरोगेट' नेमायचा. त्यालाही दोन साक्षीदार, आणि त्यातला निदान एक तरी नवरा-बायको किंवा रक्ताचा नको.

हे दोन कागद असले तर कोर्टही सहसा म्हणतं, कमी बंधनाचा मार्ग असताना गार्डियन नको. तुम्ही वॉर्ड घेतलाच नाहीत तर तिसरा कुठून? नोंदणी नाही, चाळीस तास नाहीत.

तिसरा कागदही करून ठेवा : 'प्रीनीड गार्डियन'. उद्या सगळं फसलं आणि कोर्टाला गार्डियन नेमावाच लागला तर कोण हवा, हे आत्ताच लिहून क्लार्ककडे देता येतं. फक्त तिथे तुमचं नाव घातलंत तर पुन्हा तिसरा वॉर्ड. सरांचं रक्ताचं कोणी आहे का? राज्याबाहेरचा परका माणूस गार्डियन होऊ शकत नाही, पण भाऊ, बहीण, पुतण्या, भाची चालतात.

---

अंगणवेल | बुधवार, संध्याकाळी ५:५०

अहो, तुम्ही मंगळवारी का नाही आलात!

सरांना चांगली समज आहे. नावं विसरतात, पण परवा मला किराणामालाच्या बिलातली चूक दाखवली. सांगलीला सख्खी भाची आहे. रविवारी तिचा फोन असतो.

---

सांजवात | गुरुवार, सकाळी ६:४० (भारत)

ड्युरेबल. आमच्याकडे एवढा एक शब्द कायद्यात घातला असता तर.

---

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ९:३० (भारत)

ताईंचा प्रश्न सुटला, फीचा नाही. जॅक्सनव्हिलकर बाईंनी सांगितलेला मार्ग ज्याला समज आहे आणि विश्वासाचं माणूस आहे त्याच्यासाठी. ज्याला दोन्ही नाही तो शेवटी त्या चारशेवालीकडेच जातो. मी माणशी फीचा प्रस्ताव मागे घेत नाही, एक दुरुस्ती करतो : पहिले दहा वॉर्ड माफ, अकराव्यापासून चढत्या दराने. थेम्सकाठ ताईंची गोम अजून सुटलेली नाही, मान्य.

---

थेम्सकाठ | गुरुवार, सकाळी ८:१० (लंडन)

दहा माफ याला माझं मत.

---

अंगणवेल | दोन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ११:००

उशिरा लिहितेय, माफ करा.

काल सरांना वकिलाकडे नेलं. वकिलाने आधी मला बाहेर बसवून त्यांच्याशी एकट्याने अर्धा तास बोलून घेतलं, ते मला फार आवडलं. मग सर कागद वाचायला बसले. चष्मा पुसला, पेन काढलं, पहिल्या ओळीपासून. नोटरी बाई घड्याळ बघायला लागल्या. पाऊण तासाने सर म्हणाले, "पान चार, भाचीच्या पत्त्यात विश्रामबागचं स्पेलिंग चुकलंय." कागद पुन्हा छापला.

मुखत्यारपत्र आणि सरोगेट माझ्या नावाने, प्रीनीड गार्डियन म्हणून भाची. साक्षीदार म्हणून माझा नवरा आणि वकिलांची रिसेप्शनिस्ट.

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "तुझी फी किती झाली यात?" मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाले, "मग पुढच्या रविवारी पिठलं-भाकरी मी करतो, तू नुसती ये." भाकऱ्या थापता येतात त्यांना, जाड होतात.

काकूंच्या चपला बदलून आणल्यात हे सांगायचं राहिलं. पाच नंबर.